तिसरा व्होकोडर

ही गोष्ट सांगितली की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तू तिथं होतास का? आणि रात्र होती का?

मी तिथं होतो. सगळीकडे नव्हतो, पण जिथं नसतो तर बरं झालं असतं, तिथं नक्की होतो.

आणि रात्र नव्हती.

भर दुपार होती. मागच्या वर्षीचा कार्तिक संपत आला होता. पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर लख्ख ऊन पडलं होतं, आणि आम्ही दहा-पंधरा माणसं एका कावळ्याची वाट बघत उभे होतो. भुताच्या गोष्टीला अमावस्याच लागते असं ज्याला वाटतं, त्याने इथूनच मागे फिरावं.

बिभीषणदादाचा दहावा होता. माझी मावशी राहीबाई, तिचा हा थोरला मुलगा. चाळिशी आली तरी लग्न जमता जमता राहून गेलेला. घरची पेरूची बाग, तो आणि त्याची आई, एवढाच संसार. विहिरीवरची मोटार चालू करायला गेला, आणि शॉक लागून जागच्या जागी गेला.

धाकटा रविराज. तो नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो. वरातीला डीजेवर वाजतात ती गाणी कॉम्प्युटरवर बनवून देतो. मी कर्जतहून गेलो होतो, मावसभाऊ म्हणून.

पिंड ठेवला होता. आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो.

कावळे होते... समोरच्या बाभळीवर बसलेले होते. पण एकही खाली येईना.

"आईला संबाळू रं बाबा," चुलते हात जोडून म्हणाले.

कावळा हलला नाही.

"बाग इकनार न्हाई."

नाही.

ऊन डोक्यावर आलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "जलमभर पाखरं हुसकली गड्यानं. आता कावळा कशाला यील?" दोघे-तिघे हसले. दहाव्याला हसू नये, पण पोटात भूक असली की माणूस हसतो. आणि ते खरंही होतं. पोपट बागेवर पडायचे, आणि दादा मचाणावर उभा राहून लांबलचक हाळी द्यायचा... होऽऽऽ. नदीपलीकडे ऐकू जायची.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ."

तेव्हा रविराज पुढे झाला. डोक्याचा गोटा केलेला, डोळे कोरडे. दहा दिवसांत तो एकदाही रडला नव्हता. गावात त्यावर बोलणंही झालं होतं.

"दादा," तो म्हणाला, "तुझं गाणं मी पुरं करतो. तुझ्याच आवाजात."

कावळा आला.

एकच आला, सरळ आला, आणि पिंडाला चोच लावली. हा कावळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

सगळे सुटल्यासारखे झाले, पंक्तीकडे वळले. पिंडाला दिलेला शब्द जसाच्या तसा पाळावा लागतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून शहाणा माणूस तिथं बेताने बोलतो. रविराज बेताने बोलला नाही.

गाणं असं होतं. बाग राखता राखता दादाने पोपटांवर रचलेलं. दोन कडवी त्याने रविराजला मोबाईलवर म्हणून पाठवली होती. तिसरं कडवं म्हणायचं राहिलं होतं, त्याचे नुसते शब्द रविराजला माहीत होते.

'पोपटा रं, अर्धा तुझा, अर्धा माझ्या आयेचा,
मी न्हाई तवा बागंत, हाक तिला तू दे.'

आता मेलेल्या माणसाच्या आवाजात हे म्हणायचं कसं?

रविराजला वाटलं, मार्ग आहे. व्होकोडर.

तुम्ही ऐकलेला असतो तो, नाव माहीत नसतं. गाण्यात पेटी किंवा की-बोर्ड माणसासारखा बोलायला लागतो ना, ते काम त्याचं. त्याला दोन आवाज लागतात. एक बोलणारा, एक वाजणारा. बोलणाऱ्याचे शब्द घ्यायचे आणि वाजणाऱ्याच्या तोंडात घालायचे. बोलणारा गप्प बसला तर वाजणाराही गप्प. हा त्याचा नियम.

वाजणाऱ्याच्या जागी रविराजने दादाची हाळी घेतली. बागेतल्या एका व्हिडिओत ती सापडली होती, लांब, अखंड... होऽऽऽ. त्याने तिच्यातला वारा गाळून काढला. आता की-बोर्डची कळ दाबली, की तो 'हो' पाहिजे त्या सुरात लागायचा. शब्द बोलणार रविराज, गळा बिभीषणदादाचा.

फक्त व्होकोडर कोणता घ्यायचा, हे ठरायचं होतं.

त्याचा मित्र पार्थ डीजेवाला आहे. त्याने तीन सुचवले. एक फुकटचा, कॉम्प्युटरमध्येच असलेला. दुसरा सगळे घेतात तो. तिसरा कुणीतरी परदेशात बनवलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला. पार्थ म्हणाला, "याच्या आवाज गाळायच्या चाळण्या बारीक आहेत रव्या. शब्द सुटा निघतो. स आणि श सुद्धा वेगळा कळतो."

रविराजने तिन्ही लावले आणि दिवसभर ऐकले. त्याला काहीच ठरवता येईना. कानाचा दोष नव्हता. त्याला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. भावाचा आवाज ऐकूनही आत काही हलत नव्हतं, आणि याचीच त्याला भीती वाटत होती.

त्यातच केशरबाईचा फोन आला. ही मावशीची शेजारीण.

"रविराज, तुजी आई जेवत न्हाई रं. च्यावर हाय नुसती. दोन दिस आमी गोडीत सांगितलं, रागं भरून सांगितलं. म्हनती, बिभीषन बागंतनं आल्याबिगर मला घास गिळत न्हाई."

सावेडीला चल म्हटलं तर मावशी बाग सोडून यायला तयार नव्हती. सलाईन लावलं, तर तिने सुई उपटून टाकली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटात अन्न गेलं नाही तर म्हातारी महिना काढायची नाही.

तेव्हा रविराजच्या डोक्यात ते आलं. दादाचा आवाज कोणता खरा वाटतो, हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आईला फोन लावला. तिचा साधा बटणांचा मोबाईल, केशरबाईने तिच्या कानाला धरला.

"आई, मी दादाचं गाणं बनवतोय. तीन आवाज ऐकवतो. त्याच्यासारखा कोणता वाटतो, ते सांग."

त्याने फोन स्पीकरपाशी ठेवला. तिन्हींसाठी एकच वाक्य माइकमध्ये बोलायचं ठरवलं होतं. दादा बागेतून आला की उंबऱ्यातूनच जे विचारायचा, ते.

पहिला.

"आये, जेवली का?"

मावशी म्हणाली, "ह्ये काय रं, डब्यात त्वांड घालून बोलल्यावानी."

दुसरा.

"आये, जेवली का?"

"ह्यो न्हाई माजा."

मग तिसरा...

"आये, जेवली का?"

पलीकडे फोनची खरखर झाली, मावशीने तो स्वतःच्या हातात घेतला.

मग मावशी बोलली. तिचा आवाज एकदम साधा होता, रोजच्यासारखा.

"न्हाई अजून. तुजीच वाट बघत हुते. मागं वारा लई हाय, बागंतच हायस व्हय?"

वारा तर गाळून काढला होता...

रविराजने खरं तर फोन उचलून सांगायला पाहिजे होतं, आई, हे मशीन आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती उपटलेली सुई आली. त्याने माइकजवळ तोंड नेलं.

"व्हय. तू जेवून घे. मला उशीर हाय."

"बरं," मावशी म्हणाली.

तासाभराने केशरबाईचा फोन आला. ती रडत होती. "अर्धी भाकर खाल्ली रं बाबा तिनं! दूद बी पेली!"

रविराजला आनंद व्हायला पाहिजे होता. त्याने आनंद कुठे लागतोय का ते शोधून पाहिलं. काही लागलं नाही. तो उठून पाणी प्यायला गेला, तर स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको दिशा उभी होती.

"अहो, तुम्ही मघाशी बोलत होता ना?"

"हो."

"तोंड हलत होतं तुमचं," दिशा म्हणाली. "मी इथंच होते, चार हातांवर. तुमचा आवाज आला नाही. स्पीकरमधून दादांचाच आला."

"हळू बोलत होतो."

"असेल," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

तो कॉम्प्युटरपाशी गेला. बोलताना सगळं आपोआप रेकॉर्ड होतं. पडद्यावर तीन पट्ट्या दिसतात. वरची त्याच्या माइकची, मधली दादाच्या हाळीची, खालची दोन्ही मिळून निघालेल्या बोलण्याची. माणूस बोलला की पट्टीवर डोंगर उमटतात.

खालच्या पट्टीवर डोंगर होते. 'आये, जेवली का' तीनदा होतं. 'तू जेवून घे' होतं.

वरची पट्टी...

सपाट.

एक टिंबही उमटलेलं नव्हतं. बोलणारा गप्प होता, आणि वाजणारा बोलला होता.

पार्थ आला. त्याला आधी गंमत वाटली. "रव्या, वायर ढिली असंल." त्याने वायर बदलली, माइक बदलला. मग स्वतः बोलून पाहिलं, "हॅलो, चेक, चेक." वरच्या पट्टीवर भरघोस डोंगर.

"आता तू बोल."

रविराज बोलला. "हॅलो."

सपाट.

"मोठ्यानं बोल ना!"

रविराज ओरडला. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून कोणीतरी पाहिलं, इतका ओरडला.

सपाट.

पार्थने स्वतःचा मोबाईल काढला. त्याच्याशी त्या व्होकोडरचा काही संबंध नव्हता. "यात बोल." रविराज बोलला, "मी रविराज, सावेडीतून बोलतोय." पार्थने ते वाजवलं.

"मी रविराज, सावेडीतून बोलतोय."

दादाचा आवाज होता. आणि त्याच्यामागे, बारीक... झाडांतून वाहणारा वारा.

खिडक्या सगळ्या बंद होत्या. पंखासुद्धा बंद होता.

पार्थ म्हणाला, "मला एक लग्नाची ऑर्डर हाय, उशीर झाला." आणि गेला. हेल्मेट विसरून गेला, आणि ते न्यायला परत आला नाही. एरवी हा गडी चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही.

तुम्ही म्हणाल, मग रविराजने ते बंद का केलं नाही?

केलं. दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केशरबाईने सांगितलं, म्हातारीने ताट सरकवून दिलंय आणि उंबऱ्यात बसून आहे. चौथ्या दिवशी ती उंबऱ्यातच आडवी झाली. रविराजने पुन्हा फोन लावला.

मग रोजच सुरू झालं. दुपारी, जेवायच्या वेळी. "आये, जेवली का?" मावशी जेवायची. तिच्या अंगात ताकद आली. बागेत जायला लागली. केशरबाई म्हणायची, देवच पावला.

आणि सावेडीत रविराज दिवसेंदिवस गप्प होत गेला. समोरासमोर बोलला तर आवाज त्याचाच होता, पण तो बोलेचना. दिशाने काही विचारलं की मान हलवायचा. गाणी करून द्यायचं काम सुटलं. गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता, दिशा रोज खराट्याने हुसकायची. ती कबुतरंही यायची बंद झाली. एकही येईना. दिशा मला म्हणाली, "भाऊजी, आधी त्यांचा वैताग यायचा. आता ती येत नाहीत, तर गॅलरीत जाववत नाही."

शेवटी त्यानेच ठरवलं. दादाला दिलेला शब्द गाण्याचा होता. गाणं पुरं करायचं, महिन्याच्या श्राद्धाला बागेत वाजवायचं, आणि हे सगळं मिटवायचं. शब्द पाळला की दादा मोकळा, आणि आपणही. मलाही ते पटलं. मी त्याला म्हणालो, "कर, आणि संपव."

श्राद्धाला मी होतो.

बागेत नैवेद्याचं पान वाढून झाडाखाली ठेवलं. आम्ही चारजण, मी, मावशी, रविराज, दिशा, थोडं लांब जेवायला बसलो. रविराजने आपलं ताट बाजूला ठेवलं आणि गाणं सुरू केलं.

पहिली दोन कडवी दादाची स्वतःची. मावशी ऐकत होती, बोटाने जमिनीवर ठेका धरत होती.

मग तिसरं...

'मी न्हाई तवा बागंत, हाक तिला तू दे.'

खरं सांगतो, जोड कुठे आहे ते कळलं नाही. दोन कडवी जिवंतपणी म्हटलेली आणि तिसरं मशीनमधलं, असं कुणीही म्हटलं नसतं. उलट तिसऱ्यातच श्वास जास्त ऐकू येत होता.

बागेतले पोपट एकदम उठले. सगळे. आणि निघून गेले. पानसुद्धा हलेना.

कावळा आला तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, चला, घास घेतोय, दादा तृप्त झाला.

तो नैवेद्याच्या पानावरून उडत पुढे आला...

आणि रविराजच्या ताटाला शिवला.

दिशाने माझ्याकडे पाहिलं. रविराज ताटाकडे बघत होता, तसाच कोरडा. मावशीने मात्र हात जोडले आणि समाधानाने म्हणाली, "घेतला गं बाई घास." आणि जेवायला लागली. पोटभर जेवली.

त्याच संध्याकाळी सावेडीला येऊन रविराजने तो व्होकोडर काढून टाकला. दादाची हाळी पुसली. माइक पेटीत भरून माळ्यावर टाकला. दिशाने देवापुढे दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचाच फोन आला.

मशीन नव्हतं, काही नव्हतं. रविराजच्या हातात नुसता मोबाईल होता. त्याने ठरवलं होतं, आता आपल्या आवाजात बोलायचं, सगळं सांगायचं, आईच्या पाया पडायचं. मग ती जेवो न जेवो, आपण तिच्याजवळ जाऊन राहायचं. दिशा शेजारी बसली होती, तिनेच मला हे पुढचं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"आई," रविराज म्हणाला, "मी रविराज बोलतोय."

मावशी हसली.

"चेष्टा करतूस व्हय म्हातारीची? मला काय वळख न्हाई? बिभीषना, वारा लई हाय, टोपी घाल डोक्याला."

"आई, अगं, खरंच मी..."

"ऐक की," मावशी म्हणाली. आणि तिचा आवाज उतरला. "तू जवळ हायस म्हनून मला काय कमी न्हाई. पर रविराजाचा फोन न्हाई रं किती दिस. एक शबुद न्हाई त्याचा. तिकडं नगरला त्याचं काय बरंवाईट तर न्हाई ना झालं? तुला काय कळतं का तिकडून?"

रविराजने तोंड उघडलं, तर मावशीच पुढे बोलली.

"माजी दोनच लेकरं. त्यो रडला बी न्हाई तवा, मी बगत हुते. आतल्या आत गेला आसंल रं माजा. सांग की, कसा हाय त्यो?"

दिशा म्हणते, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चेहरा तसाच होता, दगडासारखा, नुसतं पाणी वाहत होतं.

"बरा हाय त्यो, आये," तो म्हणाला. "तू जेव."

त्यानंतर आम्ही त्याला पुणतांब्याला घेऊन गेलो. मावशीसमोर बसवलं. तिने त्याला ओळखलं, जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "आलास व्हय? तुजा दादा तुजी चौकशी करत हुता." तासाभराने ती बागेकडे गेली. आणि दुपारी जेवायच्या वेळी, रविराज तिच्या घरात बसलेला असताना, ताट समोर घेऊन तिने मोबाईल कानाला लावला.

रविराजचा फोन खिशात होता. बंद होता. मी स्वतः पाहिला.

मावशी बोलत होती. हसत होती. जेवत होती.

हे असं का झालं, मला माहीत नाही. गुरुजींना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मावशीची तब्येत आता ठणठणीत आहे. रविराज सावेडीत असतो, समोर गेलं की दोन शब्द बोलतो. मी महिन्यातून एकदा कर्जतहून एसटीने जातो आणि त्याला भेटून येतो.

फोन मात्र करत नाही.

परवा दुपारी त्याचा आला होता. पडद्यावर नाव दिसत होतं, रविराज. मी हातात धरून बघत बसलो, वाजायचा थांबेपर्यंत. उचलला नाही.